स्वयंपाकघरातून जाणारा तो पाइप

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं घरात पाय ठेवणारं प्रत्येक माणूस विचारतंच. गॅस सिलिंडरवाला, भिशीच्या बायका, ह्यांचे मित्र, सगळे. ओट्याखालून निघालेला, भिंतीला भोक पाडून पॅसेजच्या कडेनं बाथरूममध्ये शिरलेला तो करडा पाइप कसला? आणि दारात त्याच्यावर सिमेंटचा उंचवटा का घातलाय? सगळे एकदा तरी अडखळतात त्याला. मीही अडखळते.

वॉशिंग मशीनचा पाइप आहे. मशीन ड्राय बाल्कनीत, पाणी बाथरूमच्या जाळीत. "अहो, पण बाल्कनीत जाळी आहे की!" हा पुढचा प्रश्न. आहे. ती पावसाच्या पाण्याची आहे.

इथे बहुतेक जण मान डोलावतात आणि चहाकडे वळतात, म्हणून जरा थांबवते. संडास-बाथरूमचं पाणी ज्या नळीतून जातं ती शुद्धीकरण केंद्राकडे जाते, निदान जायला हवी. गच्चीचं, बाल्कनीचं, पार्किंगचं पाणी पावसाळी गटारात जातं, आणि त्या गटाराच्या पुढे काहीही नाही. गाळणी नाही, टाकी नाही. आमच्या इथून, पुण्यात, थेट आंबिल ओढा, मग दांडेकर पुलाखालून मुठा नदी, पुढे मुळा-मुठा, भीमा, उजनी धरण. माझी ताई सोलापुरात असते, उजनीचंच पाणी पिते. ती म्हणते, सोलापुरी चादर आम्ही तुला द्यायची, तू ती धुवायचीस आणि पाणी परत आम्हालाच पाठवायचंस. ती गमतीत म्हणते. मला त्यात गंमत वाटायची बंद झालीय.

म्हणजे मी पहिल्यापासून शहाणी होते, असं समजू नका. २५ सप्टेंबर २०१९ ला ओढ्यानं रात्रीत माणसं नेली. आम्ही चढावर, आमच्याकडे पाणी आलं नाही. पण सकाळी खाली जाऊन ओढ्याकाठी जे पाहिलं त्यानंतर माझ्या अंगात वारंच शिरलं. रंगवाल्यानं ब्रश चेंबरपाशी धुतला की मी खाली. कुणी जळकं ऑइल जाळीत ओतलं की मी खाली. मृगाच्या आधी पार्किंग पाण्यानं धुवायचं नाही, कोरडं झाडायचं, तेलाच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकायचा आणि तो उचलून कचऱ्यात द्यायचा, हे सगळं मीच सुरू केलं. ते बरोबरच होतं, आजही म्हणते. मे महिनाभर साठलेलं तेल, टायरची पूड, कुत्र्यांची घाण हे पहिला जोराचा पाऊसच उचलून नेतो. आपण मातीच्या वासानं हरखून खिडकीत उभे असतो तेव्हा.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे गाड्या धुणारा एक मुलगा होता. सकाळी सहापासून चौदा गाड्या, होज पाइप लावून, साबणाच्या फेसासकट. सगळं पाणी उतारानं पावसाळी जाळीत. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतला. माझं म्हणणं एवढंच होतं, की अर्धी बादली आणि ओलं फडकं, होज नको. खरंच एवढंच होतं. पण त्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, कटकटच नको, ज्यानं त्यानं आपापली बघावी. आणि ठराव झाला तो त्याला बंद करण्याचा. मी हात वर केला नव्हता, पण तो खाली ठेवून गप्पच बसले होते ना.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याला जाळीपाशी झापलं होतं. "बघ हा फेस, हा नदीत जातो." त्यानं शांतपणे वर बोट केलं. म्हणाला, "काकू, फेस वरूनपण येतो." मला वाटलं, उलट उत्तर देतोय. मी आणखी आवाज चढवला.

पुढच्या मार्चमध्ये, पावसाचं टिपूस नसताना, पावसाळी चेंबर ओलं सापडलं. प्लंबर आला. त्यानं प्रत्येक मजल्यावर वॉशिंग मशीनच्या पाण्यात नीळ ओतायला सुरुवात केली. खाली मी उभी, हात मागे बांधून, गुन्हेगार सापडायची वाट बघत. दुसरा मजला झाला, काही नाही. त्यांचं मशीन बाथरूममध्येच. मग तो वरून ओरडला, "मॅडम, आता तुमच्याकडचं." मिनिटभरानं चेंबरमध्ये निळं पाणी आलं. माझ्या सकाळच्या धुण्याच्या फेसातून.

त्या दिवशी रात्री मी हिशेब केला. ११ वर्षं, दिवसाआड एक धुणं, दर धुण्याला धरा शंभर लिटर. दोन लाख लिटरच्या वर. त्या मुलाच्या होजशी तुलना करायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

बिल्डरनं जाळी चुकीच्या जागी दिली, मशीनचा पॉइंट तिथेच काढला, मला कोण सांगणार होतं? हे मी ह्यांना बरेच दिवस ऐकवलं. ह्यांनी एकदाच विचारलं, "त्या मुलानं नव्हतं सांगितलं?"

मग पाइप घातला. सोसायटीत मात्र पंधरा दिवस यातलं कुणाला काही बोलले नाही, हेही लिहूनच टाकते. त्या मुलाला फोन केला. तो आता दुसरीकडे कामाला आहे. "असू द्या काकू," म्हणाला. मी आणखी काही बोलणार तोवर त्याच्या मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला. परत केला नाही.

तुमच्यातला जो हुशार आहे तो आता म्हणेल, मैलापाण्याच्या नळीतलं सगळं तरी कुठे शुद्ध होऊन नदीत जातं? नाहीच जात. पुण्यात राहून हे नाकारू कशी? माझ्या पाइपातलं पाणी कुठल्या दिवशी शुद्ध होतं आणि कुठल्या दिवशी तसंच मुठेत पडतं, हे मला कधी कळणार नाही. पण बाल्कनीतल्या जाळीत तर प्रश्नच नव्हता, तिथून दर वेळी तसंच पडत होतं. एवढ्यावर मी भिंत फोडली. पुरेसं कारण आहे का? कधी वाटतं आहे, कधी ठेच लागते तेव्हा वाटतं नाही.

आमच्यात चोवीस घरं. माझं बघून तिघांनी पाइप फिरवून घेतला. परवा चेंबर उघडलं तर फेस होताच. कुणाच्या मजल्यावरून येतो ते नीळ ओतल्याशिवाय कळायचं नाही, आणि नीळ घेऊन कुणाची बेल वाजवायची हिंमत आता माझ्यात नाही.