‘नो नॉर्मल’ मराठीत: ब्रुनोचा ‘तुम्ही’ अखेर सुटला

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास चौथ्या अंकाची सुरुवातीची पाने मनासारखी बसली आणि मागच्या तीन नोंदींत मी सतत मांडत आलेली अडचण दूर झाली. जुन्या वाचकांना ठाऊक आहेच की, ‘मिस मार्व्हल’ या सुपरहिरो कॉमिकच्या २०१४ सालच्या ‘नो नॉर्मल’ या पहिल्या खंडातील पाचही अंक मी निव्वळ स्वतःच्या सरावासाठी, घरच्या वहीपुरते, मराठीत अक्षरांकित करत आहे, म्हणजे संवादांच्या फुग्यांत मराठी मजकूर बसवत आहे. जी. विलो विल्सन यांचे लेखन आणि एड्रियन अल्फोना यांचे चित्रण कुठे भक्कम आहे व कुठे ढिले पडते, हे नुसत्या वाचनाने मला कधी इतके स्पष्ट कळले नव्हते. फुगा रिकामा करून त्यात आपले वाक्य बसवायला लागले, की ते वाक्य तिथे का आहे, याचा जाब मूळ संहितेलाच द्यावा लागतो.

अडचण अशी होती. तिसऱ्या अंकाच्या शेवटी कथेची नायिका कमला खान, जिला रूप बदलण्याची शक्ती मिळाली आहे, कॅरल डॅन्व्हर्सचे, म्हणजे उंच, सोनेरी केसांच्या प्रौढ नायिकेचे रूप घेऊन ‘सर्कल क्यू’ दुकानात शिरते आणि तिला गोळी लागते. तिथे काम करणारा तिचा जिवलग मित्र ब्रुनो तिला ओळखत नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी त्याच्या डोळ्यांदेखत ते रूप ओसरते आणि समोर त्याची सोळा वर्षांची मैत्रीण उरते. इंग्रजीत या साऱ्या प्रसंगात एकच सर्वनाम पुरते. मी मात्र पहिल्या खर्ड्यात ब्रुनोच्या तोंडी सरसकट ‘तू’ घातला होता, कारण ती कमला आहे हे मला माहीत होते. म्हणजे ज्या रहस्यावर प्रसंग उभा आहे, ते मीच पहिल्या फुग्यात फोडून ठेवले होते.

सुरुवातीला ‘तुम्ही’ करून पाहिले, तेव्हा दुसरेच संकट उभे राहिले. ‘तुला’च्या जागी ‘तुम्हाला’ आले की ओळ लांबते, आणि घाबरलेल्या मुलाचे तुटक बोलणे ज्या छोट्या फुग्यांत मावले होते, त्यांत ते कोंबल्यासारखे दिसू लागते. मूळ अक्षरांकनकार जो कारामान्या यांना रोमन मोठ्या लिपीमुळे ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. ‘कलम’ हा टंक मला अजूनही फुग्यांसाठी सर्वांत प्रसन्न वाटतो, परंतु त्याचे ठळक वळण लहान आकारात गच्च होते. स्टेशनजवळच्या एका दुकानातून काढलेल्या नमुनाप्रतीत तर निम्मे अनुस्वार बुजले होते, आणि बोलीतल्या ‘लागलं’, ‘झालं’मधला अनुस्वार गेला की वाक्याचा जीवच जातो. मजकुराची जुळणी मी आता पूर्णपणे इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. तिथे जोडाक्षरे नीट राहतात आणि ओळींतले अंतर हाताने सोडता येते.

तोडगा शेवटी शब्द कमी करण्यात सापडला. रूप ओसरेपर्यंत ब्रुनो ‘तुम्ही’ म्हणतो; ते ओसरताना सर्वनाम असलेला एकही फुगा मी ठेवला नाही, फक्त तिचे नाव ठेवले; आणि त्यानंतर पहिल्यांदा ‘तू’ येतो. एवढ्याने प्रसंगाचा तोल बदलला. या खंडाचे बळ मला इथेच दिसते: शक्ती मिळाल्यावर कमलाला प्रथम दुसरीच कोणीतरी, आदराने पाहिली जाणारी व्यक्ती व्हावेसे वाटते, आणि तिची खरी सुटका ओळखीच्या माणसाने तिला तिच्या नावाने हाक मारण्यात होते.

घरातील प्रसंगही असेच समृद्ध आहेत. मुंब्र्याला राहणाऱ्या माझ्या सहकारी मैत्रिणीने पहिल्या अंकाची पाने वाचून सांगितले की, त्यांच्या घरी अब्बूंना ‘आप’ म्हणतात, त्यामुळे कमलाच्या तोंडचा ‘तू’ तिला खटकला. मी तो त्याच दिवशी बदलला. दुसऱ्या अंकात पाण्यात पडलेल्या झोई या शाळासोबतिणीला वाचवण्यापूर्वी कमलाला वडील नेहमी सांगत असलेली कुराणातील आयत आठवते, की एकाचा जीव वाचवणे म्हणजे अवघ्या मानवजातीला वाचवणे. त्या चौकटीचे मराठी आम्ही दोघींनी बसून चार वेळा बदलले, आणि प्रत्येक वेळी वाटले की इतक्या मेहनतीस ती चौकट पात्र आहे. हडसनपलीकडचे मॅनहॅटन पाहत जर्सी सिटीत वाढणारी मुलगी ठाणेकराला परकी वाटत नाही, हेही खरे.

याउलट चौथ्या-पाचव्या अंकांतील गुंडांच्या अड्ड्यावरचे फुगे मी एका संध्याकाळी संपवले, कारण त्यांत ठरवण्यासारखे काही नव्हतेच. गुंडांची वाक्ये एकमेकांच्या तोंडी घातली तरी फरक पडत नाही. यंत्रे येतात आणि मोडतात. मुख्य खलनायक, ‘इन्व्हेंटर’, समोर येतो तो अगदी शेवटी, आणि त्याची गोष्ट अकराव्या अंकापर्यंत, म्हणजे दुसऱ्या खंडात गेल्यावर पूर्ण होते. ज्या धुक्याने कमलाला शक्ती मिळते, त्याचा उगम मार्व्हलच्याच २०१३ च्या ‘इन्फिनिटी’ कथानकात आहे. नव्या वाचकाला तो इथे उलगडून सांगितला जात नाही. झोईदेखील या पाच अंकांत जवळजवळ एकाच सुरात बोलते. विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार या खंडाला मिळाला याचा मला आनंद आहे, तरी हे दोष मला लहान वाटत नाहीत.

पुढचा बेत दुसरा खंड सुरू करण्याचा होता. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. चौथ्या अंकापासून कमला कॅरलचे रूप सोडून स्वतःच्याच चेहऱ्यावर मुखवटा चढवते, म्हणजे अनोळखी माणसांनी तिला दिलेला ‘तुम्ही’ही तिथे गळायला हवा. ते गुंड तिला लहान मुलगी समजून ‘तू’ म्हणतील, आणि ब्रुनोच्या ‘तू’शेजारी तो ‘तू’ वेगळा ऐकू येईल. घाईत उरकलेल्या त्या फुग्यांत निदान एवढे तरी भरता येईल. त्यामुळे दुसरा खंड सध्या कपाटात राहील, आणि शनिवारी पाचव्या अंकाचे पहिले पान पुन्हा रिकामे करण्यापासून सुरुवात होईल.