'परत वाढतंच ना?'

मालवणच्या समुद्रात पर्यटकांना प्रवाळ दाखवून होडीत परतले की एक प्रश्न हमखास येतो: थोडे तुटले तर काय बिघडले, परत वाढतेच ना? विचारणाऱ्याच्या मनात खोट क्वचितच असते, तरीही मला राग येतो. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि किनारा येईपर्यंत उत्तर कधीच पुरे होत नाही म्हणून, हे लिहिते आहे.

हो, वाढते. फांद्या फुटणारे अॅक्रोपोरा चांगल्या पाण्यात वर्षाला 10 सेंटीमीटरही वाढते, तर घुमटासारखे पॉराइट्स जेमतेम एखादा सेंटीमीटर. पॉलिप, म्हणजे ज्यांच्या वस्तीला आपण प्रवाळ म्हणतो तो चिमुकला जीव, आपल्या बुडाशी चुन्याचा थर घालतो, त्यावर सरकतो आणि पुन्हा थर घालतो; या कष्टाला लागणारे बरेचसे अन्न त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर तयार करते. आमच्याकडे पावसाळ्यात खाड्यांमधून गाळ आणि गोडे पाणी येते, त्यामुळे इथे चिवट जातीच तग धरतात आणि त्याही कातळावर तुकड्यातुकड्यांनी.

एका जानेवारीत, ऐन ओहोटीला, एका होडीचा नांगर घसरत जाऊन अशाच एका पॉराइट्सच्या घुमटात रुतला. मी खाली गेले तेव्हा घुमट कलंडला होता आणि त्याची एक बाजू उभी चिरली होती. हात लावायचा नाही हे मीच सगळ्यांना बजावत असते, म्हणून हात मागे बांधून पाहत राहिले. वरची काही मिलिमीटर जाडीची साल तेवढी जिवंत होती. तिच्याखाली चुन्यात राहणाऱ्या शैवालाचा हिरवट पट्टा, आणि त्याच्या आत कोरा पांढरा चुना. चिरेच्या कडेवरून चिकट धागे सुटत होते आणि लहान मासे त्यांना टोचू लागले होते. घुमटाची उंची सुमारे अर्धा मीटर, म्हणजे वय पन्नाशीच्या घरात, गढूळ पाण्यात कदाचित त्याहून अधिक. वर आले तर खलाशी पोरगा म्हणाला, "बाई, पावसातय मोडताच मां?" आणि मागून एका पर्यटकाने तोच नेहमीचा प्रश्न विचारला. मी कायदा ऐकवला: 2001 पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. ते उत्तर नव्हते, पण त्या क्षणी दुसरे काही बोलवेना.

पोराचे म्हणणे मात्र डोक्यातून गेले नाही, कारण ते खरे आहे. लाटा प्रवाळ मोडतात, पोपटमासे ते कुरतडून वाळू करतात, स्पंज आतून पोखरतात. प्रवाळखडकाचा मोठा भाग उभ्या प्रवाळाचा नसतोच. तो या चुऱ्याचा असतो, आणि गुलाबी, दगडासारखे कठीण शैवाल त्याला सांधते. लक्षद्वीपची जमीन अशाच चुऱ्याची आणि वाळूची आहे. ज्वालामुखीचा डोंगर खाली खचत जातो आणि त्याच्या कडेचे प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहते, म्हणून शेवटी नुसते प्रवाळाचे कंकण उरते, असे डार्विनने 1842 मध्ये मांडले होते. 1952 मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक येथे छिद्र पाडले, तेव्हा ज्वालामुखीचा खडक लागायला सुमारे 1,400 मीटर खाली जावे लागले. तेवढी सगळी चुनखडी वाढून आणि मोडूनच साचलेली.

पूर्वीची मी हे पर्यटकांपासून लपवत असे. मोडण्यानेही खडक घडतो हे कळले तर लोक बेफिकीर होतील, अशी मला भीती वाटे. ती भीती अजूनही पुरती गेलेली नाही. पण मोडीपेक्षा वाढ जास्त असेल तोवरच हा हिशेब जमेत राहतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की पेशींतले शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपने हे 1998, 2010 आणि 2016 मध्ये सोसले. मोडतोड तेव्हाही थांबत नाही, भर घालणारे तेवढे मेलेले असते. मालवणात तर सुटा तुकडा एका पावसाळ्यातच गडगडत जाऊन गाळात पुरला जातो. काँक्रीटच्या चौकटीवर बांधलेले तुकडे जगतातही, मी पाहिले आहेत. पण त्यांना त्या घुमटाच्या जागी मोजायला माझे मन तयार होत नाही, आणि हा हट्ट असेल तर असो.

नांगर टाकण्याऐवजी बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणेला, दोर बांधा, असे मी होड्यांच्या तांडेलांना सांगत असते. पावसाळ्याआधी बोये काढायचे कोणी आणि नंतर लावायचे कोणी, असे ते विचारतात. त्यांचेही खरेच आहे.