तीनपर्यंत येते, मावशी

मी गडांवर एकटीच जाते, आणि रानात भेटणाऱ्या माणसांपैकी मला सगळ्यात कमी भीती कोयतेवाल्यांची वाटते. भंडारदऱ्याच्या मागच्या अंगाला आडवारी फिरलात तर असा एखादा मामा हमखास भेटतो. कमरेला आकडीत अडकवलेला कोयता, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पुढे चार म्हशी. डोंबिवलीत असा माणूस समोरून आला तर मी रस्ता बदलेन. इथे मीच आधी "राम राम मामा" म्हणते.

मग चौकशी सुरू. कुठनं आलात? एकट्याच? घरचे सोडतात कसे? पोरंबाळं किती? माझ्या मैत्रिणींना ही चौकशी खुपते. मला ती हवीच असते. ज्याने माझी एवढी माहिती काढली, त्याला दिवस कलताना आठवतं की सकाळी एक बाई वर गेली होती. शिवाय ढोरवाट कुठली आणि गडाची वाट कुठली, हे न विचारता कळतं.

उलट, जो काही बोलत नाही आणि ठरावीक अंतर ठेवून मागे चालत राहतो, त्याला मी पुढे काढते. बुटाची नाडी सोडायची, परत बांधायची, पाणी प्यायचं. तोही थांबला तर सरळ माघारी फिरून गावातल्या पहिल्या घरापर्यंत यायचं. असं करून गड सोडलेला आहे. माणूस बिचारा साधा असेलही. असू दे. गड कुठे पळून जातोय?

शनिवार-रविवारची गोष्टच निराळी. जूनच्या सुमारास काजवे बघायला जी गर्दी लोटते, तिच्या वाऱ्यालाही मी उभी राहत नाही. स्पीकर, बाटल्या, रात्रभर आरडाओरडा. पोरांच्या घोळक्यातून "मॅडम, एकट्याच?" आलं की माझं उत्तर तयार असतं: "बाकीचे मागून येतायत." मामाला खरं सांगते, यांना खोटं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. मामाला उद्या याच वाटेने जायचंय, गावात तोंड दाखवायचंय. पोरं गाडीत बसली की त्यांचा विषय संपला. (रतनगडाच्या शिडीवर माझी सॅक धरणारीही अशीच पोरं होती, हे कबूल.)

मोबाईलवर लोकेशन पाठवून निघा, असं सगळे सांगतात. पाठवा की. पण रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडीत, अमृतेश्वराचं देऊळ मागे टाकून प्रवरेचं पात्र ओलांडत रानात शिरलात की रेंजचा भरवसा नाही. म्हणून मी चढायच्या आधी गावातल्या एका घरी जेवण सांगून ठेवते. "मावशी, तीनपर्यंत येते. पिठलं-भाकरी करा." झालं. आता माझी वाट बघणारं कुणीतरी पायथ्याशी आहे, आणि ते कुणीतरी भाकरी थापून बसलंय.

एका ऑगस्टात वर धुकं आणि पाऊस असा काही लागला की गडावरच्या गुहेतून बाहेर पडायची सोय राहिली नाही. शिड्या ओल्या असताना घाई करायची नाही हा माझा नियम, त्यामुळे बसून राहिले. उतरले तेव्हा पाच कधीच वाजून गेले होते. कात्राबाईच्या खिंडीकडे वाट फुटते तिथे मावशींचा मुलगा छत्री आणि बॅटरी घेऊन उभा.

"आई म्हणली, भाकरी गार झाली, बघून ये."

बस, एवढंच. पुढे गावापर्यंत तो त्याच्या आजारी बैलाबद्दल बोलत होता. मावशींनी मात्र यथेच्छ तोंडसुख घेतलं, अगदी माझ्या आईसारखं, आणि ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकली.

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आमचे हे ब्लॉग वाचतात, तेव्हा आता कळेलच.