आगाऊ खर्ची पडलेला संघ

लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाने २७ जून २०११ रोजी डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तेव्हा त्यासोबत धनकोंची यादीही जोडावी लागली. विनातारण धनकोंमध्ये सर्वांत मोठा होता मॅनी रामिरेझ. तो आदल्या वर्षीच संघातून गेला होता आणि एव्हाना निवृत्तही झाला होता, तरी संघ त्याचे जवळजवळ २ कोटी १० लाख डॉलर देणे लागत होता. ॲन्ड्रू जोन्सला तर २००९ च्या आरंभीच करारातून मोकळे करण्यात आले होते. त्याचे १ कोटी १० लाख थकले होते. यादीत बरेच खाली, १९५० पासून या संघाच्या सामन्यांचे समालोचन करणारे विन स्कली होते. त्यांचे येणे दीड लाख डॉलरहून थोडे अधिक होते.

हा काही ओस पडलेल्या मैदानाचा संघ नव्हता. २००९ च्या हंगामात घरच्या सामन्यांना ३७ लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते, आणि २००८ व २००९ अशी सलग दोन वर्षे संघ नॅशनल लीगच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. मालक फ्रँक मॅकोर्ट यांच्या कारभाराची चर्चा निघाली की लोक त्यांच्या चैनीविषयी बोलतात. मला मात्र त्या चैनीला पैसा पुरवणारी रचना अधिक महत्त्वाची वाटते, कारण चैन तात्पुरती थांबवता येते, पण पुढच्या हंगामांचे उत्पन्न एकदा खर्ची पडले की ते परत आणता येत नाही.

मॅकोर्ट हे मूळचे बोस्टनचे जमीन-विकासक. त्यांनी २००४ मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनकडून हा संघ सुमारे ४३ कोटी डॉलरना विकत घेतला, आणि त्यातला बराच मोठा भाग कर्जाऊ होता. त्यांपैकी एक कर्ज खुद्द विकणाऱ्यानेच दिले होते, त्याला तारण होते मॅकोर्ट यांच्या बोस्टनमधील वाहनतळाच्या जमिनीचे, आणि पुढे ती जमीन त्या कर्जापोटी न्यूज कॉर्पोरेशनच्याच फॉक्स या दूरचित्रवाणी कंपनीकडे गेली. इतक्या उसन्या पैशावर उभा राहिलेला व्यवहार मेजर लीग बेसबॉल या सर्व संघांवर देखरेख करणाऱ्या संघटनेने (पुढे नुसते ‘लीग’) आणि तिचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी मंजूर केला होता, हे सांगितल्याशिवाय पुढची हकिकत एकांगी होईल. सात वर्षांनी सेलिग ज्या मालकाविरुद्ध उभे राहिले, त्याला दार त्यांनीच उघडून दिले होते.

संघ हाती आल्यावर त्याचे तुकडे करण्यात आले. मैदानावरचे तुकडे नव्हेत, कागदावरचे. तिकीटविक्रीसाठी एक कंपनी काढून तिच्या येणाऱ्या वर्षांच्या उत्पन्नावर कर्ज उचलले गेले. स्टेडियमभोवतीची जमीन दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेली आणि तिचे भाडे संघाने भरायचे ठरले, म्हणजे एका खिशातला पैसा मालकाच्याच दुसऱ्या खिशात जाऊ लागला. डॉजर स्टेडियम १९६२ मध्ये मोटारीने येणाऱ्या प्रेक्षकांसाठीच बांधलेले असल्यामुळे तिथे गाडी लावण्याचे शुल्क ही भरवशाची मिळकत आहे, आणि २००७ मध्ये ते १० डॉलरवरून १५ डॉलर करण्यात आले. एकसंध धंद्यावर सावकार जेवढे देईल, त्याहून अधिक त्याच्या सुट्या भागांवर मिळते, हे जमीन-विकासकाला कोणी शिकवावे लागत नाही. या पद्धतीत बेकायदा काही असेलच असे नाही. पण शेतात उभे असलेले पीक विकून वर्षभराचा घरखर्च चालवला, की पुढच्या पेरणीच्या वेळी बियाणालाही कर्जच काढावे लागते.

हा पैसा कुठे गेला, ते फ्रँक आणि जेमी मॅकोर्ट यांच्या घटस्फोटाच्या खटल्यामुळे उघड झाले. दोघे वेगळे झाल्याची बातमी ऑक्टोबर २००९ मध्ये, ऐन बाद फेरीच्या दिवसांत आली. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या वकिलांनी जी कागदपत्रे सादर केली, त्यांत मालिबूमधली आणि होम्बी हिल्समधली घरे होती, आणि त्यांच्या दोन मुलांना संघाच्या वेतनपटावरून मिळणारी वर्षाकाठी ६ लाख डॉलरची रक्कम होती, त्यांपैकी एक मुलगा त्या वेळी शिकत होता आणि दुसरा अन्यत्र नोकरीला होता. बोस्टनमध्ये बसून दूरदर्शनवर सामना पाहताना संघाकडे विचारशक्ती पाठवणाऱ्या एका वृद्ध रशियन गृहस्थालाही मोबदला दिला जात होता, हे वाचून हसावे की कपाळाला हात लावावा, ते मला अजून ठरवता आलेले नाही. मॅकोर्ट यांनी संघातून सुमारे १९ कोटी डॉलर काढून घेतले, असा आरोप लीगने पुढे न्यायालयात केला.

एप्रिल २०११ मध्ये खेळाडूंचे पगार देण्यासाठी मॅकोर्ट यांना फॉक्सकडून ३ कोटी डॉलर उसने घ्यावे लागले, आणि त्याच महिन्यात सेलिग यांनी संघाचा दैनंदिन कारभार लीगच्या देखरेखीखाली आणला. मॅकोर्ट यांची सगळी भिस्त फॉक्सबरोबरच्या १७ वर्षांच्या प्रक्षेपण करारावर होती, ज्यातून ३८ कोटी ५० लाख डॉलर लगेच हाती येणार होते. यातली जवळजवळ निम्मी रक्कम मालकाच्या वैयक्तिक गरजांवर आणि घटस्फोटाच्या तडजोडीवर जाईल, असे सांगून सेलिग यांनी २० जूनला करार नाकारला. एका आठवड्यात दिवाळखोरीचा अर्ज आला. त्यामागे लीगपासून संरक्षण मिळवण्याचा हेतू होता, हे न्यायमूर्ती केव्हिन ग्रॉस यांच्यापुढे चाललेल्या वादातून स्पष्ट दिसते: लीग स्वस्त दराने कर्ज देत असताना मॅकोर्ट यांना एका खासगी फंडाचे महागडे कर्ज हवे होते, आणि न्यायमूर्तींनी ते नामंजूर केले.

या गोंधळात संघातला क्लेटन कर्शॉ त्या वर्षीचा नॅशनल लीगमधला सर्वोत्तम पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) ठरला आणि मॅट केम्पने ३९ होम रन मारल्या. तरीही प्रेक्षकसंख्या ३० लाखांखाली आली.

मार्च २०१२ मध्ये गुंतवणूकदार मार्क वॉल्टर, माजी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन आणि इतर भागीदारांच्या गटाने २१५ कोटी डॉलरची बोली लावून संघ घेतला. कर्जे, कर आणि जेमी यांना द्यायचे सुमारे १३ कोटी डॉलर वजा केल्यावरही मॅकोर्ट यांच्या हाती प्रचंड नफा उरला, शिवाय स्टेडियमभोवतीच्या जमिनीत त्यांचा वाटाही राहिला. चार वर्षांनी त्यांनी फ्रान्समधल्या मार्सेयचा फुटबॉल संघ विकत घेतला. डॉजर्सना मिळालेली ही किंमत मॅकोर्ट यांच्या कारभाराने आलेली नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सच्या प्रक्षेपण हक्कांना केबल कंपन्या काय मोजतील, याच्या अंदाजाने आली होती. तो अंदाज बरोबर ठरला, कारण नव्या मालकांनी २०१३ मध्ये टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा, ८०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. मात्र त्या करारातून निघालेल्या वाहिनीचे शुल्क देण्यास इतर वितरकांनी नकार दिला, आणि २०१४ पासून २०२० पर्यंत शहरातल्या कित्येक घरांत डॉजर्सचे बहुतेक सामने दिसलेच नाहीत.