कालाढुंगीचे कर्नलसाहेब

नैनितालहून खुर्पातालमार्गे घाट उतरलो की बोचरी थंडी मागे राहते आणि सालवन सुरू होतं. पायथ्याशी कालाढुंगी. कॉर्बेट कुटुंब उन्हाळा वर नैनितालला आणि हिवाळा इथे काढायचं. नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट यांनी १९२२ मध्ये बांधलेला बंगला आता संग्रहालय आहे. बैठा, ऐसपैस व्हरांड्याचा. आवारात त्यांच्या लाडक्या रॉबिन कुत्र्याची समाधी आहे.

बहुतेक पर्यटक बंदूक आणि नरभक्षक वाघ मनात धरून येतात. सोबत आलेले माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना शिकारीपेक्षा कॉर्बेट यांच्या फौजेतल्या दिवसांचं अप्रूप. १९१७ मध्ये कॉर्बेट यांनी कुमाऊंतली सुमारे ५०० माणसं उभी केली, त्यांना फ्रान्सच्या आघाडीवर नेलं आणि एक वगळता सगळ्यांना परत आणलं. हे ऐकल्यावर काका म्हणाले, "माणसं परत आणली ना, मग तो खरा अफसर!" त्यानंतर बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

मला मात्र कॉर्बेट यांच्या छंदांनी धरून ठेवलं. वडील नैनितालचे पोस्टमास्तर. ते लवकर गेले. पोरगं गलोल घेऊन रानात हिंडायचं, पक्षी ओळखायचं, हरणामाकडांच्या इशाऱ्यांवरून बिबट्या कुठे असेल ते ताडायचं. पुढे बिहारमधल्या मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करण्यात वीसहून जास्त वर्षं गेली, पण ही ओढ सुटली नाही. मासेमारी होतीच. नंतर चलचित्रांचा कॅमेरा हाती आला. त्याची घरघर ऐकून वाघ बुजायचे, म्हणून त्यांनी ओढ्यावर बांध घालून पाण्याचा खळखळाट वाढवला आणि त्या आवाजाआड कॅमेरा चालवला. एका चित्रणासाठी एवढा खटाटोप! त्या जागी सात वाघ त्यांच्या कॅमेऱ्यात आले. बंदुकीच्या किश्श्यांपेक्षा मला हे फार मोठं वाटतं.

आणि हाच छंद पुन्हा फौजेच्या कामी आला. दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटलेली असताना, लेफ्टनंट कर्नल म्हणून त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात टिकून राहायला शिकवलं. कुठे? छिंदवाड्याला, आपल्या नागपूरपासून काही तासांवर! लहानपणी रानात हिंडून कमावलेला कान आता पोरांचे जीव वाचवायला उपयोगी पडत होता. आम्ही वैदर्भीय पचमढीला जाताना छिंदवाड्यात चहा पिऊन पुढे निघतो. ही गोष्ट कोणी कधी सांगितली नव्हती.

बंगल्यापासून जवळच छोटी हल्द्वानी. हे गाव कॉर्बेट यांनी १९१५ मध्ये विकत घेऊन वसवलं. रानडुकरांनी पिकं नासवू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली. १९४७ मध्ये केनियाला जाताना त्यांनी जमीन कसणाऱ्यांनाच दिली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीला त्यांचं निधन झालं. गावात मात्र अजून 'कार्पेटसाहेब' म्हणूनच त्यांचं नाव निघतं. चौपालावरच्या एका आजोबांनी काकांना खाटेवर बसवून घेतलं आणि दोघांची फौजेची बोलणी रंगली.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा. नुसता बंगला बघून रामनगरची गाडी धरू नका. गावातला एखादा वाटाड्या सोबत घ्या आणि भिंतीच्या कडेनं शेतांमधून पायी फिरा. पक्षी भरपूर आहेत, दुर्बीण न्याच.