तुम्ही विचारलंत म्हणून: मूकपट बघताना झोप नाही का येत?

मी जुने मूकपट बघते हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "झोप नाही का येत?" त्यातून तो मूकपट फ्रेंच आहे म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग कळतं तरी काय?"

झोप येते. खोटं कशाला बोलू? पहिली दहा मिनिटं जांभया आवरत काढावी लागतात. मूकपट म्हणजे तुरुतुरु पळणारी माणसं, हेही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यात बिचाऱ्या नटांचा दोष नाही. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे आणि सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं टिपली जायची. तीच फीत २४ च्या वेगाने चालवली की शोक करणारी बाईसुद्धा बस पकडायला निघाल्यासारखी दिसते. वेग नीट लावलेली प्रत मिळाली तर अर्धी लढाई जिंकलीच.

'कळतं काय' याचं उत्तर मात्र मला आईने दिलं. मी लॅपटॉपवर फ्रेंच दिग्दर्शक आबेल गांसचा 'दहावी सिंफनी' लावला होता, १९१८ सालचा. (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी संगीतरचना.) आई शेजारी गवार मोडत बसली होती. दृश्यांच्या मधल्या मजकुराच्या पाट्या फ्रेंचमध्ये, त्या मी वाचून दाखवायचं ठरलं होतं. चार-पाच पाट्यांनंतर ती म्हणाली, "तू गप्प बस गं, दिसतंय मला."

गोष्ट अशी. एव्ह दिनां नावाची श्रीमंत, पोरकी तरुणी फ्रेड रीस या लफंग्याच्या नादी लागते. तिच्या हातून त्याच्या बहिणीचा जीव जातो आणि हा गृहस्थ त्या गुपिताच्या जिवावर तिच्याकडून पैसे उकळत राहतो. पुढे एव्ह एन्रिक दामोर या विधुर संगीतकाराशी लग्न करते. मागचं काही न सांगता. दामोरला पहिल्या बायकोची तरुण मुलगी आहे, क्लेअर. आणि रीस तिच्याच मागे लागतो. आता एव्हने त्या दोघांच्या लग्नाला विरोध करावा तर कारण काय सांगणार? ती अडवते, पण का ते बोलत नाही. मग घरात एकच अर्थ निघतो, की हिचंच त्याच्यावर मन आहे.

आईचा हात इथे थांबला. "सांगून टाक की गं त्याला!" हे मला नाही, पडद्यावर एव्ह झालेल्या एमी लिनला. तिचं कामच तसं आहे. ती रडारड करत नाही, नुसती उभी राहते. लेओन्स-आंरी ब्यूरेलच्या छायाचित्रणात खोलीचा बराचसा भाग अंधारात आणि चेहऱ्यावर तेवढा उजेड. अंगावर येतं.

दामोर मात्र दुःखात बुडून सिंफनी रचतो. बेथोव्हेनने नऊ रचल्या, म्हणून ही दहावी. (१९१७ मध्ये, चित्रीकरणाच्या वेळी, जर्मनीशी युद्ध चालू असताना, फ्रेंच माणूस जर्मन संगीतकाराची अशी पूजा मांडतो, हे मला अजून नवल वाटतं.) तो पियानोवर बसतो, पाहुणे ऐकतायत, आणि आपल्याला ऐकू काहीच येत नाही! सिनेमासाठी मिशेल-मोरिस लेव्हीने खास संगीत रचलं होतं, पण माझ्या प्रतीत ते नव्हतं. गांसने सूर दाखवायचे ठरवले: चित्रावर चित्र चढवलेलं, एक नर्तिका तरंगत येते, भोवती नक्षीची चौकट. तेव्हा तो अजून तिशीचाही नव्हता. त्याचा गाजलेला सिनेमा 'नेपोलियन' अजून दहा वर्षं लांब होता. समीक्षक या प्रसंगावर फिदा आहेत. मला तो थोडा जास्तच गोड लागतो, पण लोभस आहे हे खरं.

आईला नर्तिकेचं काही पडलेलं नव्हतं. "अगं, पण ती कुठंय?" तिने विचारलं.

मी हा प्रसंग तीनदा पाहिला होता, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सगळे माना डोलावतायत त्या दुःखाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. बायकोने केलं नाही त्या गोष्टीवर नवऱ्याने थोर संगीत रचलंय. गांसचं सगळं लक्ष त्याच्या थोरपणावर. दामोर झालेल्या सेव्हरां-मार्सचा चेहराही असा की दुःख त्याला शोभून दिसतं. मी इतकी वर्षं त्याच्या बाजूने बसून ऐकत होते.

सिनेमा संपला तशी मी म्हटलं, "आई, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर सिनेमा पंधरा मिनिटांत आटोपला असता."

"आटोपू दे की," ती म्हणाली. "तिच्या जिवाचा घोर तरी संपला असता." आणि गवारीचं ताट उचलून आत गेली.