वॉशिंग सेंटरचा नकाशा पास होताना

गाड्या धुण्याच्या वॉशिंग सेंटरच्या नकाशात दाखवायला फारसं काही नसतं. पत्र्याचं शेड, बिल फाडायला दहा बाय दहाची खोली, एक संडास, बाकी सगळी मोकळी जागा. परवानगीची आपली सगळी पद्धत मात्र बांधकामाभोवती बेतलेली आहे. चटई क्षेत्र किती, समास अंतर किती सोडलं, पार्किंग कुठे. त्यामुळे आमची फाइल जिथे जिथे गेली तिथे त्या दहा बाय दहाच्या खोलीची कसून चौकशी झाली. धुतलेलं पाणी कुठे जाणार, हे पहिल्यांदा नीट विचारलं ते मागच्या प्लॉटवरच्या काकूंनी.

जागा पूर्व नागपुरात, वाठोड्याच्या बाजूला. वडिलांनी फार वर्षांपूर्वी घेतलेला कोपऱ्याचा प्लॉट, समोर चाळीस फुटी रस्ता, बाजूला तीस फुटी गल्ली. धाकटा भाऊ गाड्यांच्या लाइनमधला, त्याला स्वतःचं सेंटर टाकायचं होतं. मी लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते, म्हणून कागदांचं सगळं मी पाहायचं, असं घरात मला न विचारताच ठरलं.

नागपुरात प्लॉटचं काहीही करायचं तर पहिला प्रश्न ठरलेला, "एनआयटीत येते का कार्पोरेशनमध्ये?" एनआयटी म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने झालेला, कार्पोरेशन म्हणजे महापालिका १९५१ ची. दोघांच्या कामाची हद्द शहरात कायम एकमेकांत घुसलेली. २०१९ मध्ये प्रन्यास बरखास्त करायचं ठरलं, मग सरकार बदललं आणि तो पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात ज्यांच्या फाइली इकडून तिकडे गेल्या त्यांना विचारा. आमचा लेआउट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरी न घेता तुकडे पाडून विकलेला. वडिलांनी तेव्हाच डिमांड नोटचे पैसे भरून आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, घेऊन ठेवलं होतं, त्याची लॅमिनेशन केलेली प्रत कपाटात सापडली आणि निम्मं काम तिथेच झालं. तुमच्या प्लॉटचं आरएल झालं नसेल तर या लेखातलं पुढचं वाचायची घाई करू नका, आधी ते करा.

मग रस्त्याची रुंदी. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच विकास नियमावली लागू आहे. तिच्यात निवासी भागात कुठला धंदा चालेल हे बरंचसं समोरच्या रस्त्यावर ठरतं. दाट जुन्या वस्तीबाहेर १२ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा प्लॉट आर-१ मध्ये जातो, १२ मीटर किंवा जास्त असेल तर आर-२ मध्ये, आणि आर-२ मध्ये धंद्याला जास्त मोकळीक. चाळीस फूट म्हणजे १२ मीटरच्या किंचित वर. आमच्या आर्किटेक्टने रस्ता कागदावरून घेतला नाही, स्वतः येऊन टेप लावला. एका बाजूने भाऊ टेप धरून उभा, दुसऱ्या बाजूने आर्किटेक्टचा पोरगा, आणि मधून ऑटोवाले शिव्या देत जात होते. माप पुरेपूर भरलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

अर्जात वापर काय लिहायचा यावरून एक किस्सा झाला. कामं करून देणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "दुकान दाखवा ताई. नकाशा लवकर पास होते. गाड्या काय, नंतर धुवा." असं करणारे खूप आहेत. पण मंजूर एक आणि वापर दुसरा असला की एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या ५२ आणि ५३ कलमांची नोटीस कधीही दारात येऊ शकते, आणि ती नेमकी कर्ज काढून मशिनरी बसवल्यावरच येते. आम्ही सर्व्हिस स्टेशन, फक्त वॉशिंग, असं स्पष्ट लिहिलं.

अर्ज ऑनलाइन गेला. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं, हे त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात आहे. मी मोठ्या उत्साहाने ते आर्किटेक्टला दाखवलं. तो हसला. म्हणाला, त्याच्या भरवशावर पाया खोदणारा माणूस मी अजून पाहिला नाही. एक त्रुटी काढली की फाइल परत येते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमची परत आली ती संडासाच्या खिडकीसाठी.

त्याच सुमारास लेआउटच्या लोकांनी सेंटरविरुद्ध निवेदन दिलं, खाली रांगेने सह्या. एका प्लॉटच्या परवानगीसाठी जाहीर हरकती मागवायची सक्ती कायद्यात नाही. वर्तमानपत्रात नोटीस देऊन महिनाभर हरकती घेतात ते विकास आराखड्यात बदल करताना, ३७ व्या कलमाखाली. पण इतक्या सह्यांचं निवेदन फाइलला लागलं की साहेब ते वाचल्याशिवाय सही करत नाहीत. जागेवर पाहणी ठरली, दोन्ही बाजूंनी हजर राहायचं.

भाऊ चिडलेला. त्याला वाटलं लोकांना आमचं बरं पाहवत नाही. मीही घरी तेच बोलले असेन, पण निवेदनाची प्रत वाचल्यावर गप्प झाले. काही मुद्दे उगाच होते, एकाने तर प्लॉटचे भाव पडतील असं लिहिलं होतं. बाकीचे खरे होते. प्रेशर पंपाचा आवाज. गल्लीतून बाहेर पडणाऱ्या गाड्या, जिथे संध्याकाळी पोरं खेळतात. रस्त्यावर लागणारी लाइन. आणि पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ला रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून या शहरात नालीचं नाव काढलं तरी लोक सावध होतात.

पाहणीला कनिष्ठ अभियंता आले, लेआउटची सात-आठ मंडळी आली, काकू आल्या. नकाशा गाडीच्या बोनेटवर पसरला. त्यावर उताराचा बाण होता, प्लॉटकडून चाळीस फुटी रस्त्याच्या नालीकडे. काकूंनी तो निरखून पाहिला आणि काही न बोलता घरात गेल्या. बादली भरून आणली आणि शेड येणार होतं तिथे ओतली. भेगाळलेल्या काळ्या मातीत निम्मं पाणी मुरलं. उरलेलं क्षणभर थबकलं, मग गवताच्या कडेकडेने मागे वळलं आणि काकूंच्या कंपाउंडच्या भिंतीखाली जाऊन साचलं. भिंतीपलीकडे चार पावलांवर त्यांची विहीर.

"आता पाहा जी साहेब," त्या म्हणाल्या, "बाण खरा का पाणी?"

मग माझ्याकडे वळल्या. "काऊन वं पोरी, रोजचं मी समजू शकतो. दसऱ्याले काय करशीन?"

दसऱ्याचा प्रश्न आमच्या कुणाच्याच हिशेबात नव्हता. खंडेनवमीला आणि दसऱ्याला नागपुरात सायकलपासून ट्रकपर्यंत सगळ्याला हार लागतो, आणि हार लागण्याआधी गाडी धुवावी लागते. पाइपने धुतली तर एका कारला दीडशे-दोनशे लिटर पाणी सहज जातं. त्या पाण्यात माती, शाम्पू, खालच्या बाजूचं ग्रीस, इंजिनचं तेल. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी टाकी, गेट आणि लाइन पुरेल का, हाच खरा हिशेब. अभियंत्यांनी तो शेऱ्यात लिहून घेतला, आणि मला मनातून बरंच वाटलं, कारण आता भावाला स्वस्तात उरकता येणार नव्हतं.

नकाशा बदलला. गल्लीकडचं गेट रद्द झालं, आत-बाहेर दोन्ही चाळीस फुटी रस्त्यावरून. शेड मागे सरकवून पुढे गाड्यांना उभं राहायला जागा केली. त्यात धुण्याचा एक रॅम्प गेला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. पंप विटांच्या खोलीत. पूर्ण फरशीला काँक्रीट, कडेने उंच कठडा, उतार मधोमध जाळीच्या चॅनलकडे, म्हणजे पाणी ना भिंतीकडे जाईल ना रस्त्याकडे.

चॅनलचं पाणी तीन कप्प्यांच्या टाकीत. मला यातलं काही कळत नव्हतं, गवंड्याने समजावलं. पहिल्या कप्प्यात पाणी संथ होतं आणि गाळ तळाला बसतो. दुसऱ्यात तेल वर तरंगतं. तिथून पुढे जाणारा पाइप खाली वाकवलेला असतो, त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं, म्हणून खालचं पाणी तेवढं पुढे सरकतं आणि तेलाची साय मागेच राहते. तिसऱ्यात त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी. ते चाकं आणि खालची बाजू धुवायला पुन्हा वापरायचं, शेवटचा हात ताज्या पाण्याचा. बोअरच्या जड पाण्याने शेवटचा हात मारला तर काळ्या गाडीवर पांढरे डाग उमटतात, ते ग्राहक लगेच दाखवतो. जादा झालेलं पाणी गडर लाइनला, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराला, पावसाच्या नालीला नाही. नालीत सोडलेलं सरळ नाग नदीत जातं, तिथून कन्हान, वैनगंगा करत गोसेखुर्द धरणाला. गडरचं पाणी निदान शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचतं. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे भावाला सांगितलं तेव्हा त्याला आपली टाकी जरा कमी वेडगळ वाटली.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम मी धास्तीने ढकलत आणलं होतं, ते सगळ्यात सरळ निघालं. १९७४ च्या जल कायद्याखाली संमती लागते, दोन टप्प्यांत. उभारण्याआधी एक, सुरू करण्याआधी दुसरी. फी भांडवली गुंतवणुकीवर, त्याला सीएचं प्रमाणपत्र, म्हणजे माझ्याच धंद्यातलं काम. आणि पाण्याचा ताळेबंद मागतात. रोज किती घेणार, किती फिरवून वापरणार, किती बाहेर सोडणार. जमा-नावे जुळलं पाहिजे, नाहीतर पाणी कुठे मुरलं ते सांगा. एवढ्या सगळ्या फॉर्मांमध्ये मला मनापासून आवडलेला हा एकच. नळाचं कनेक्शन घरगुती होतं, ते वाणिज्य करून घेतलं. बिलाचा आकडा पाहून भाऊ पाणी फिरवून वापरायच्या बाजूचा झाला, माझं भाषण जे करू शकलं नव्हतं ते.

परवानगी अटींसकट आली. कामाच्या वेळा, रस्त्यावर गाड्या उभ्या न करणं, गाळ काढल्याची नोंद. गाळ तेलकट असतो, तो कुठेही टाकता येत नाही. तो कुणाला द्यायचा, किती खर्च येणार, हे टाकी बांधण्याआधीच विचारून ठेवा, नंतर माणूस मिळेपर्यंत पहिला कप्पा भरतो.

पहिल्या खंडेनवमीला टोकन लावले. दुपारपर्यंत बरं चाललं. चारच्या सुमारास तिसरा कप्पा काठोकाठ आला, गडरचा पाइप तेवढं ओढेना, आणि भावाने गेट अर्धं लावून टोकन देणं थांबवलं. लाइनमध्ये नसलेले दोन इनोव्हावाले तावातावाने भांडले. काकू गच्चीवरून सगळं पाहत होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. इनोव्हावाले पुढे रिंग रोडकडच्या एका सेंटरवर गेले. तिथे टाकी नाही, पाणी नालीत जातं, आणि कार आमच्यापेक्षा ऐंशी रुपयांनी स्वस्त धुवून मिळते.